कुंभकोणमची मूर्तिचोरी : सीमेवरील भ्रष्टाचार आणि सद्सद्विवेक

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे कावेरीकाठचे प्राचीन नगर मंदिरांसाठी आणि दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम उत्सवासाठी प्रसिद्ध आहे. मेलकावेरी ही याच नगराची नदीकाठची वस्ती. तमिळ भाषेत ‘मेल’ म्हणजे वरचा किंवा पश्चिमेकडील. कुंभकोणमपासून काही किलोमीटर अंतरावर स्वामीमलै हे गाव असून तेथील स्थपती आजही चोळकालीन पद्धतीने पंचधातूच्या मूर्ती घडवितात. या परिसराची दुसरीही एक ओळख आहे. गेल्या सत्तर वर्षांत येथील मंदिरांतून नाहीशा झालेल्या मूर्ती मुंबई, लंडन, न्यूयॉर्क आणि कॅनबेरा येथे आढळल्या, आणि त्यांच्या चोरीचे महत्त्वाचे खटले कुंभकोणमच्याच न्यायालयात चालविण्यात आले.

एखादी मूर्ती मंदिरातून चोरीला जाणे ही स्थानिक घटना असते. ती देशाबाहेर जाण्यासाठी मात्र पोलीस ठाणे, प्रमाणपत्र देणारे कार्यालय आणि सीमाशुल्क तपासणी असे अनेक टप्पे पार करावे लागतात. या प्रत्येक टप्प्यावर एखादा अधिकारी उपस्थित असतो आणि त्याची सही व मोहोर आवश्यक असते. त्यामुळे मूर्तिचोरीचा इतिहास हा चोरांइतकाच या अधिकाऱ्यांचाही इतिहास आहे.

शिवपुरम्‌ची मूर्ती

कुंभकोणमनजीकच्या शिवपुरम् या गावी १९५१ मध्ये जमीन खणताना काही पंचधातूच्या मूर्ती सापडल्या. त्यांत दहाव्या शतकातील नटराजाची एक अप्रतिम मूर्ती होती. शासनाने त्या गावातील शिवमंदिराच्या स्वाधीन केल्या. पुढे १९५४ मध्ये दुरुस्तीसाठी या मूर्ती कुंभकोणम येथील एका स्थपतीकडे पाठविण्यात आल्या. तेथे त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती तयार झाल्या. मंदिरात परत आल्या त्या प्रतिकृती, आणि मूळ नटराज बाजारात गेला.

गावकऱ्यांनी पुढील काही वर्षे त्या प्रतिकृतीचीच पूजा केली. ही अदलाबदल पोलिसांच्या तपासातून उघडकीस आली नाही. ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी आपल्या चोळ शिल्पांवरील ग्रंथात मंदिरातील मूर्ती मूळ नसल्याचे नमूद केले. हा ग्रंथ १९६५ मध्ये मुंबईच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटने प्रकाशित केला होता. मूळ मूर्तीही त्या काळात मुंबईतीलच एका खासगी संग्रहात होती, हा योगायोग लक्षणीय आहे.

यानंतर ती अमेरिकेत गेली. कॅलिफोर्नियातील उद्योगपती आणि कलासंग्राहक नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठानने ती सुमारे ९ लाख डॉलर देऊन विकत घेतली. आपण खरेदी केलेल्या आशियाई कलावस्तूंपैकी बऱ्याचशा चोरट्या मार्गाने आलेल्या असल्याची कबुली सायमन यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सशी बोलताना दिल्याचे प्रसिद्ध झाले. नंतर त्यांनी ते नाकारले. भारत सरकारने १९७४ मध्ये अमेरिकेत दावा दाखल केला. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि दहा वर्षे प्रदर्शनात ठेवून मूर्ती परत करण्याचे ठरले. त्यानुसार १९८६ मध्ये शिवपुरम्‌चा नटराज भारतात परतला.

प्राचीन वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९४७ पासूनच अस्तित्वात होता. म्हणजे ही मूर्ती देशाबाहेर गेली तेव्हा तिला अडविण्याचा अधिकार सीमाशुल्क विभागाकडे होता. तरीही सुमारे तीन फूट उंचीची धातूची मूर्ती सीमा ओलांडून गेली.

कायद्याची चौकट

शिवपुरम् प्रकरणाच्याच काळात संसदेने पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ संमत केला. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प किंवा चित्र ही पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तूची निर्यात केवळ केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था करू शकते. खासगी व्यक्तीने निर्यात केल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार भारताने १९७७ मध्ये स्वीकारला.

हा कायदा राबविण्यात एक व्यावहारिक अडचण आहे. स्वामीमलै आणि कुंभकोणम येथे आजही हजारो मूर्ती घडविल्या जातात आणि हस्तकलेच्या वस्तू म्हणून त्यांची निर्यात पूर्णपणे कायदेशीर आहे. मेणाचा साचा, त्यावर कावेरीच्या गाळाचा लेप, मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस, ही पद्धत हजार वर्षांपूर्वीचीच आहे. त्यामुळे नवी मूर्ती कोणती आणि जुनी कोणती, हे बंदरावरील अधिकाऱ्याला केवळ पाहून सांगता येणे कठीण असते. यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘वस्तू पुरातन नाही’ असे प्रमाणपत्र दिले जाते.

तस्करांनी नेमका याच व्यवस्थेचा वापर केला. नव्या मूर्तींसाठी प्रमाणपत्र मिळवायचे, त्याच खेपेत जुन्या मूर्ती मिसळायच्या आणि संपूर्ण खेप हस्तकलेच्या नावाने जहाजावर चढवायची, ही पद्धत अनेक प्रकरणांच्या तपासात निष्पन्न झाली. खेपेतील प्रत्येक पेटी उघडून पाहणे बंदरावर शक्य नसते. कोणती पेटी उघडायची हा निर्णय अधिकाऱ्याचा असतो आणि तस्करीचे यश त्या निर्णयावर अवलंबून असते.

लंडनच्या न्यायालयातील शिवलिंग

कुंभकोणमच्या परिसरातीलच पत्तूर येथे १९७६ मध्ये एका मजुराला जमिनीत नटराजाची मूर्ती सापडली. ती अनेक हातांतून लंडनला पोहोचली. कॅनडातील बंपर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८२ मध्ये ती खोट्या मालकीपत्रांच्या आधारे विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून विकत घेतली. डागडुजी आणि अभ्यासासाठी ती ब्रिटिश म्युझियममध्ये असताना लंडनच्या पोलिसांनी ताब्यात घेतली.

त्यानंतर उभा राहिलेला खटला विधिक्षेत्रात आजही अभ्यासला जातो. भग्नावस्थेतील पत्तूरचे मंदिर आणि त्यातील शिवलिंग यांच्या वतीने इंग्लंडच्या न्यायालयात मूर्तीवर हक्क सांगण्यात आला. हिंदू धर्मशास्त्रानुसार देवता ही विधिमान्य व्यक्ती मानली जाते आणि तिच्या वतीने दावा करता येतो. तमिळनाडू पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक डॉ. आर. नागस्वामी यांची तज्ज्ञ म्हणून साक्ष झाली. ही मूर्ती आणि मंदिराच्या आवारात सापडलेल्या अन्य मूर्ती एकाच समूहातील असल्याचे त्यांनी न्यायालयापुढे मांडले. १९८८ मध्ये न्यायालयाने मंदिराच्या बाजूने निकाल दिला, १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच वर्षी मूर्ती तमिळनाडूत परत आली.

एका पुरातत्त्वज्ञाची नोंद आणि साक्ष यामुळे हा निकाल शक्य झाला. सीमेवर जे घडले नाही, ते अभ्यासकाच्या टेबलावर घडले. नागस्वामी यांचे जानेवारी २०२२ मध्ये निधन झाले.

न्यूयॉर्कचा व्यापारी आणि कुंभकोणमचे न्यायालय

या सर्व प्रकरणांत सर्वाधिक गाजले ते सुभाष कपूर याचे प्रकरण. न्यूयॉर्कमधील मॅडिसन अव्हेन्यूवर ‘आर्ट ऑफ द पास्ट’ नावाचे त्याचे दालन होते. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातील प्रतिष्ठित संग्रहालये त्याची गिऱ्हाइके होती.

आजच्या अरियलूर जिल्ह्यातील सुत्तमल्ली आणि श्रीपुरंदान ही दोन गावे या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहेत. येथील जुन्या मंदिरांत नित्य पूजा बंद पडली होती आणि गाभाऱ्याकडे क्वचितच कोणी फिरकत असे. श्रीपुरंदानच्या बृहदीश्वर मंदिरातून मूर्ती नाहीशा झाल्याचे २००८ मध्ये लक्षात आले. तोपर्यंत तेथील नटराज ऑस्ट्रेलियात पोहोचला होता. कॅनबेरा येथील नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने तो फेब्रुवारी २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरना कपूरकडून विकत घेतला होता. मूर्ती १९७२ च्या कायद्यापूर्वीच भारताबाहेर आली होती, असे दर्शविणारी कागदपत्रे संग्रहालयाला देण्यात आली होती. ती बनावट असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

बनावट कागद उघडे पडले ते एका जुन्या छायाचित्रामुळे. पुदुच्चेरी येथील फ्रेंच इन्स्टिट्यूटने १९५० च्या दशकापासून दक्षिण भारतातील मंदिरांची आणि मूर्तींची पद्धतशीर छायाचित्रे घेतली आहेत. त्या संग्रहातील श्रीपुरंदानच्या नटराजाचे छायाचित्र आणि कॅनबेरातील मूर्तीचे छायाचित्र शेजारी ठेवून पाहता दोन्ही मूर्ती एकच असल्याचे सिद्ध झाले. या तुलनेच्या कामात एस. विजयकुमार यांच्यासारख्या हौशी अभ्यासकांचाही मोठा वाटा होता. सिंगापूर येथे जहाज वाहतूक क्षेत्रात नोकरी करणारे विजयकुमार हे ‘इंडिया प्राइड प्रोजेक्ट’ या स्वयंसेवी उपक्रमाचे सहसंस्थापक आहेत.

कपूरला ३० ऑक्टोबर २०११ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट विमानतळावर अटक झाली आणि जुलै २०१२ मध्ये त्याला भारताच्या स्वाधीन करण्यात आले. श्रीपुरंदानचा नटराज आणि वृद्धाचलम् येथील अर्धनारीश्वर या दोन मूर्ती ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी ५ सप्टेंबर २०१४ रोजी नवी दिल्ली येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्याकडे सुपूर्द केल्या. कुंभकोणमच्या अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकारी न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२२ रोजी कपूर आणि त्याच्या पाच साथीदारांना दोषी ठरविले. कपूरला दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली. हे प्रकरण उदयारपाळयम् पोलीस ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्याचे होते. त्यातील १९ मूर्तींची किंमत ९४ कोटी रुपयांहून अधिक असल्याचे सांगण्यात आले.

अमेरिकेतही त्याच्याविरुद्ध तपास झाला. न्यूयॉर्कमधील भारतीय वाणिज्य दूतावासाने २००७ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांना एका संशयास्पद खेपेची माहिती दिली होती. संगमरवरी बागमेजे असे लिहिलेल्या सात पेट्यांत पुरावस्तू असल्याचा संशय होता. बंदरावर आलेल्या त्या पेट्या सोडवून घेण्यास कोणीच पुढे आले नाही. पुढे अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या तपास शाखेने आणि मॅनहॅटनच्या जिल्हा वकिलांच्या कार्यालयाने मिळून कपूरच्या टोळीशी संबंधित २,५०० हून अधिक वस्तू जप्त केल्या. त्यांचे मूल्य १४ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक असल्याचे या कार्यालयाने जाहीर केले आहे. कपूरच्या दालनाच्या व्यवस्थापकाने डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला.

तंजावरच्या मराठी राजांचे चित्र

मराठी वाचकांच्या दृष्टीने या प्रकरणाचा एक भाग विशेष महत्त्वाचा आहे. व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकात तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले. कुंभकोणम हे त्या राज्यातील महत्त्वाचे नगर होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण म्हणून ख्यातकीर्त झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथील मराठी कुटुंबातच झाला.

या राजघराण्यातील सर्वांत विद्याव्यासंगी राजे म्हणजे दुसरे सरफोजी. तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय त्यांच्या काळात विशेष नावारूपाला आले. सरफोजीराजे आणि त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी यांचे एक जलरंगातील चित्र अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यातील पीबॉडी एसेक्स म्युझियमने २००६ मध्ये कपूरच्या दालनातून ३५ हजार डॉलरना विकत घेतले होते. कपूरच्या अटकेनंतर संग्रहालयाने आपल्या खरेदीची फेरतपासणी केली आणि २०१५ मध्ये हे चित्र स्वेच्छेने अमेरिकी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले.

सरफोजीराजांची स्वाक्षरी असलेले तमिळ भाषेतील पहिले मुद्रित बायबलही सरस्वती महाल येथून २००५ मध्ये नाहीसे झाले होते. अठराव्या शतकाच्या आरंभी छापलेला हा ग्रंथ लंडनमधील एका संस्थेच्या संग्रहात असल्याचा शोध तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी तपास विभागाने २०२२ मध्ये लावला. मूर्तीच्या वजनापुढे चित्र आणि ग्रंथ अगदीच हलके. ते प्रवाशाच्या सामानातूनही सीमा ओलांडू शकतात, म्हणून तेथे तपासणी करणाऱ्याची दक्षता अधिकच महत्त्वाची ठरते.

तपास करणारेच संशयाच्या भोवऱ्यात

मूर्तिचोरीच्या गुन्ह्यांसाठी तमिळनाडू पोलिसांनी १९८३ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापन केला. देशात अशा प्रकारची यंत्रणा अपवादानेच आढळते. मात्र याच विभागाच्या इतिहासात भ्रष्टाचाराचे गंभीर आरोपही आहेत.

विरुदुनगर जिल्ह्यात अरुप्पुकोट्टैनजीक एका शेतकऱ्याला सापडलेल्या मूर्ती दोन पोलिसांनी २००८ मध्ये ताब्यात घेतल्या, त्यांची नोंद केली नाही आणि त्या एका व्यापाऱ्याला विकल्या, असा आरोप पुढे आला. दरम्यानच्या काळात यांपैकी एकाला बढती मिळून तो उपअधीक्षक झाला होता. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर. महादेवन यांनी जुलै २०१७ मध्ये या प्रकरणाची गंभीर दखल घेतली आणि पोलीस महानिरीक्षक ए. जी. पोन माणिक्कवेल यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. मूर्तिचोरीचे खटले कुंभकोणमच्या न्यायालयात एकत्र चालावेत, अशी व्यवस्थाही करण्यात आली. त्याच वर्षी त्या उपअधीक्षकाला अटक झाली.

या पथकाच्या कार्यकाळात राजराज चोळ आणि त्याची राणी लोकमहादेवी यांच्या मूर्ती अहमदाबाद येथील एका खासगी संग्रहालयातून २०१८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात परत आणण्यात आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य शासनाने सर्व खटले केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्याचा आदेश काढला. उच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१८ रोजी तो रद्द केला आणि त्याच दिवशी निवृत्त होणाऱ्या माणिक्कवेल यांना विशेष अधिकारी म्हणून काम पुढे चालविण्यास सांगितले.

पुढे या प्रकरणाला वेगळे वळण मिळाले. अटक झालेल्या माजी अधिकाऱ्याने आपल्याला सूडबुद्धीने गोवण्यात आल्याची तक्रार केली. त्यावर उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये माणिक्कवेल यांच्याच वर्तनाची केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी करण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या निवासस्थानाची झडती घेण्यात आली. माणिक्कवेल यांनी आरोप फेटाळले आहेत. दोन्ही बाजूंचे आरोप हे आरोपच आहेत आणि आरोप म्हणजे निकाल नव्हे. तथापि चोर कोण आणि रक्षक कोण, हा प्रश्न एकाच विभागाच्या दोन अधिकाऱ्यांबाबत न्यायालयापुढे यावा, यातून या गुन्ह्याचे स्वरूप लक्षात येते. मूर्तीची किंमत कोट्यवधींची असते आणि ती ताब्यात घेणाऱ्या हवालदाराचे वेतन काही हजारांचे असते.

रायगडच्या किनाऱ्यावरील उदाहरण

सीमेवरील एका व्यवहाराची किंमत केवळ वारशाच्या रूपानेच मोजावी लागते असे नाही. मूर्ती बाहेर जाऊ देणारी वृत्ती आणि घातक माल आत येऊ देणारी वृत्ती एकच असते. महाराष्ट्राने हे १९९३ मध्ये अनुभवले.

रायगड जिल्ह्यातील दिघी येथे जानेवारी १९९३ मध्ये आणि शेखाडी येथे फेब्रुवारी १९९३ मध्ये समुद्रमार्गे शस्त्रे आणि आरडीएक्स ही स्फोटके उतरविण्यात आली. त्यापूर्वी वर्षानुवर्षे याच किनाऱ्यावर चांदी आणि सोने उतरत होते आणि त्याकडे दुर्लक्ष करण्याचे दर ठरलेले होते, असे खटल्यात समोर आले. दिघीला माल उतरला त्या रात्री श्रीवर्धन पोलिसांच्या एका तुकडीने गोंडघर फाट्यावर तस्करांची वाहने अडविली होती. कर्तव्य बजावण्याची संधी त्या क्षणी त्यांच्या हातात होती. मात्र तेथे रकमेची घासाघीस झाली आणि ठरलेल्या रकमेची हमी म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेऊन वाहने सोडून देण्यात आली.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जण मृत्युमुखी पडले आणि ७१३ जण जखमी झाले. विशेष टाडा न्यायालयाने २००६ आणि २००७ मध्ये दिलेल्या निकालांत त्या तुकडीतील पोलीस आणि सीमाशुल्क विभागाचे काही अधिकारी दोषी ठरले. त्यांपैकी एक पोलीस उपनिरीक्षक आणि एक वरिष्ठ सीमाशुल्क अधिकारी यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी दिलेल्या निकालात पोलीस, सीमाशुल्क विभाग आणि तटरक्षक दल यांच्या कर्तव्यच्युतीवर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. वाहनांत नेमके काय आहे हे लाच घेणाऱ्याला ठाऊक नसते, किंबहुना ते ठाऊक करून न घेण्याचीच किंमत त्याला मिळते, ही बाब या खटल्याने ठळकपणे पुढे आणली.

साहित्य आणि चित्रपटांतील प्रतिबिंब

या विषयाने कथाकार आणि दिग्दर्शकांनाही आकर्षित केले आहे. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराची ‘कैलाशे केलेंकारी’ ही बंगाली कादंबरी प्राचीन शिल्पांच्या तस्करीवर आधारित असून तिचे बरेचसे कथानक वेरूळच्या कैलास लेण्याच्या परिसरात घडते. संदीप राय यांनी २००७ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासावरील ‘ब्लॅक फ्रायडे’ हा अनुराग कश्यप यांचा हिंदी चित्रपट एस. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावर आधारित आहे. खटल्यावर परिणाम होण्याच्या शक्यतेमुळे त्याचे प्रदर्शन न्यायालयाने रोखले होते. फेब्रुवारी २००७ मध्ये तो प्रदर्शित झाला.

चित्रपटांत गुन्हेगाराचा पाठलाग होतो आणि अखेरीस उलगडा होतो. प्रत्यक्षातील मूर्तिचोरीचा उलगडा बहुधा कार्यालयात बसून, जुनी छायाचित्रे आणि नोंदवह्या चाळून झालेला आढळतो. शिवपुरम्, पत्तूर आणि श्रीपुरंदान या तिन्ही प्रकरणांत हीच गोष्ट दिसते.

नोंदीचे महत्त्व

मूर्ती परत मिळविण्यासाठी ती आपली होती हे सिद्ध करावे लागते. ज्या मूर्तीचे छायाचित्र नाही आणि जिची नोंद नाही, तिच्यासाठी कोणत्याही न्यायालयात दावा उभा राहू शकत नाही. त्यामुळे मूर्ती सापडल्यावर ती न नोंदविणे हा तस्करीतील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा ठरतो. अरुप्पुकोट्टै प्रकरणातील मुख्य आरोपही नोंद न केल्याचाच होता.

मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये तमिळनाडूतील मंदिरे आणि वारसास्थळांच्या जतनाविषयी ७५ निर्देश दिले. मूर्ती आणि मौल्यवान वस्तूंची यादी, त्यांची छायाचित्रे आणि संगणकीय नोंद यांवर त्यात भर देण्यात आला आहे. असुरक्षित मंदिरांतील मूर्ती तिरुवारूर येथील केंद्रासारख्या सुरक्षा केंद्रांत ठेवण्याची पद्धतही राज्यात आहे. या पद्धतीलाही दुसरी बाजू आहे. मूर्ती सुरक्षित राहते, मात्र गावाला आपल्या देवाचे दर्शन केवळ उत्सवाच्या दिवशीच घडते, अशी भाविकांची तक्रार असते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर भारत आणि अमेरिका यांच्यात जुलै २०२४ मध्ये नवी दिल्ली येथे सांस्कृतिक संपत्ती करार झाला. या करारामुळे भारतातून अवैधरीत्या नेलेल्या पुरावस्तू अमेरिकेच्या सीमेवरच अडविणे आणि परत करणे अधिक सुलभ होण्याची अपेक्षा आहे. नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये आणखी १४ कलावस्तू भारताला परत करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांपैकी बहुतेक कपूरशी संबंधित होत्या.

परत आलेल्या मूर्तींची संख्या वाढत असली, तरी परतीचा मार्ग दीर्घ असतो. शिवपुरम्‌चा नटराज स्थपतीच्या कार्यशाळेत गेल्यापासून भारतात परतेपर्यंत ३२ वर्षे गेली. पत्तूरच्या मूर्तीला १५ वर्षे लागली. श्रीपुरंदानची मूर्ती त्या मानाने लवकर परतली, कारण तिचे छायाचित्र अगोदरच उपलब्ध होते. मंदिरात मूर्तीची नोंद करणारा कारकून, सापडलेली मूर्ती पंचनाम्यात लिहिणारा पोलीस आणि बंदरावर संशय आलेली पेटी उघडून पाहणारा सीमाशुल्क निरीक्षक यांनी आपापले काम केले, तर परदेशातील न्यायालयात जाण्याची वेळच येत नाही. अशा अधिकाऱ्यांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत, कारण त्यांनी अडविलेली मूर्ती आपल्या गावीच राहिलेली असते.